काटा तळाला टेकल्यानंतरचे किलोमीटर

चिंचवड, पुणे
रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुळजापुरातून निघतानाच पिवळा दिवा लागला होता, सोलापुरात शिरेपर्यंत काटा तळाला टेकला, आणि तरीही दुसऱ्या दिवशी मंडईतून भाजी आणल्यावरच पेट्रोल भरले, हे परवा फोनवर बाबांनी इतक्या अभिमानाने सांगितले की त्या क्षणी मला काही बोलवले नाही. शिवाय असे विषय फोनवर निघाले की आम्ही दोघे एकमेकांची वाक्ये तोडत बसतो आणि शेवटी आई फोन काढून घेते. म्हणून हे लिहून पाठवते आहे. पुढच्या महिन्यात तुम्ही गाडीने इकडे येणार आहात, त्याआधी हे पत्र तुमच्या हातात पडावे एवढीच घाई आहे.

बाबा, काटा ‘ई’वर आल्यानंतर गाडी किती जाते या प्रश्नाला तुमचे ठरलेले उत्तर आहे: चाळीस किलोमीटर. हा आकडा कुठून आला असावा याचा मी विचार केला तेव्हा मला आपली जुनी स्कूटर आठवली. तिला सीटखाली पेट्रोलचा कॉक होता, त्याच्या चालू, बंद आणि रिझर्व्ह अशा तीन जागा होत्या. टाकीच्या आत पेट्रोल घेणारी दोन तोंडे होती, एक उंचावर आणि एक तळाशी. पातळी उंच तोंडाच्या खाली गेली की स्कूटर खोकत बंद पडायची, तुम्ही वाकून कॉक फिरवायचे, आणि तळाचे तोंड उघडून ती पुन्हा सुरू व्हायची. रिझर्व्हचे पेट्रोल त्या नळीच्या उंचीने ठरलेले होते, त्यामुळे ते दर वेळी तेवढेच निघायचे आणि मोजणी कुठून सुरू करायची हेही पक्के ठाऊक असायचे. तेही संपले की तुम्ही मला पुढच्या जागेवरून खाली उतरवून स्कूटर बाजूला कलती करायचे आणि उरलेसुरले चार थेंब नळीकडे आणून पंपापर्यंत पोहोचायचे. मला तो तेव्हा मोठा चमत्कार वाटे.

आपण आजही ‘गाडी रिझर्व्हला लागली’ असेच म्हणतो, पण आपल्या चारचाकीत तसा कॉक नाही आणि वेगळे राखून ठेवलेले पेट्रोलही नाही. एकच टाकी आहे, तिच्या आत विजेवर चालणारा पंप आहे आणि एका दांड्याच्या टोकाला पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट आहे. पातळी उतरली की फ्लोट खाली येतो, दांड्याचे दुसरे टोक एका विद्युतरोधाच्या पट्टीवरून सरकते, आणि त्या बदलत्या रोधावरून समोरचा काटा हलतो. ठरावीक पातळीच्या खाली गेले की दिवा लागतो. वळणावर पेट्रोल हिंदकळले म्हणून काटा नाचू नये, यासाठी तो मुद्दाम संथ ठेवलेला असतो. त्यात आपल्या गाडीला आता बारा वर्षे झाली, म्हणजे ती पट्टीही तितकी वर्षे घासली गेली आहे.

खरी अडचण मात्र शेवटच्या टप्प्यात येते. फ्लोट खाली येत येत एका ठिकाणी अडतो, कारण दांड्याला त्याच्या पलीकडे जाताच येत नाही. त्यानंतर टाकीत तीन लिटर असो की एक, काटा तेच दाखवत राहतो. ज्या क्षणी आपल्याला त्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच क्षणी तो आंधळा झालेला असतो.

हे मी पुस्तकी सांगते आहे असे तुम्ही म्हणाल, म्हणून पुरावा तुमच्याच वहीतला देते. दिवाळीत आले होते तेव्हा तुमच्या पेट्रोलच्या वहीच्या पानांचे मी फोटो काढून ठेवले होते. (हिशेबनीस वडील असण्याचे जे काही फायदे आहेत, त्यातला हा मोठा.) त्यात तीन नोंदींपुढे तुम्ही लाल शाईने ‘काटा तळाला’ असे लिहिले आहे आणि तिन्ही वेळा टाकी फुल केली आहे. एकदा ३०.८ लिटर बसले, एकदा ३१.५ आणि एकदा ३३.६. आपली टाकी ३५ लिटरची आहे. म्हणजे काटा तळाला असताना आत अनुक्रमे ४.२, ३.५ आणि १.४ लिटर शिल्लक होते. पंपावरची नोझल कधी थोडी आधी बंद होते, कधी नळीत थोडे जास्त मावते, त्यामुळे अर्धा लिटर इकडे-तिकडे धरावे लागेल. तरीही पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यातला फरक तेवढ्याने भरून निघत नाही.

आता यातले सगळे पेट्रोल वापरात येत नाही हेही लक्षात घ्यावे लागते. तळाचे अर्धा-पाऊण लिटर पंपाला नीट ओढता येत नाही, विशेषतः चढावर किंवा वळणावर, जेव्हा ते एका कोपऱ्यात जमा होते आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. म्हणजे पहिल्या वेळी तुमच्याजवळ साधारण साडेतीन लिटर होते आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी पन्नास किलोमीटर सहज गेली असती. तिसऱ्या वेळी हाताशी जेमतेम पाऊण लिटर उरले होते आणि गावातल्या धावेने हिशेब केला तर ते दहा किलोमीटरही पुरले नसते. तारीख पाहिली तर तो आत्याला घेऊन अक्कलकोटला गेल्याचा दिवस निघाला. दोन्ही दिवशी काटा एकाच जागी होता. चाळीस ही तुमची सरासरी फारशी चुकलेली नसेल, पण तिच्या भरवशावर गाडी चालवता येत नाही, हे जन्मभर ताळेबंद जुळवलेल्या माणसाला मी वेगळे सांगायला नको.

दिवा लागल्यापासूनचा हिशेब थोडा बरा जमतो. गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे आपला दिवा साधारण पाच लिटरला लागतो. त्यातले न ओढता येणारे वजा करून सव्वाचार धरू. तुमच्या वहीप्रमाणे गावात गाडी लिटरला अकरा देते, मे महिन्यात एसी लावून हायवेला तेरा, आणि एसीविना साठच्या वेगाने सोळा-सतरा. म्हणजे दिवा लागल्यानंतर कमीत कमी पंचेचाळीस आणि फार तर सत्तर किलोमीटर. हायवेला वेग वाढवला की हा आकडा झपाट्याने घसरतो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उशीर झाला म्हणून पंप गाठण्यासाठी गाडी जोरात हाणणारा माणूस पंप स्वतःच्याच हाताने लांब ढकलत असतो. त्याऐवजी एसी बंद करावा, पन्नास-साठच्या सारख्या वेगाने जावे आणि वारंवार ब्रेक लागणार नाही असे पाहावे. आणि काटा तळाला टेकल्यापासून किती, असे मला विचाराल तर मी शून्य धरते. त्यापुढे जे मिळेल ते देवीची कृपा.

देवीवरून आठवले, तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरावर आहे आणि सोलापूर त्या डोंगराच्या पायथ्याच्या सपाटीवर. त्या दिवशी तुम्ही पंचेचाळीस किलोमीटरचा जो प्रवास केलात, त्यात उतार तुमच्या बाजूने होता. तोच दिवा सोलापुरातून निघताना लागला असता आणि चढ चढायचा असता, तर ही गोष्ट सांगताना तुमचा आवाज वेगळा असता. शिवाय उतारावर तुम्ही गाडी न्यूट्रल करता, हे आईने मला हळूच सांगितले आहे. ती सवयही स्कूटरचीच. आपल्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतरताना इंजिनचा पेट्रोलपुरवठा संगणक आपोआप बंद करतो, चाकेच इंजिन फिरवत राहतात. उलट न्यूट्रल केले की इंजिन स्वतःच्या बळावर चालू राहण्यासाठी पेट्रोल पिते. म्हणजे वाचवायला जावे आणि खर्च व्हावा. त्यातून इंजिनचा ब्रेक हातचा जातो तो वेगळाच.

आणखी एक गोष्ट तुमच्या जुन्या अंदाजांना धक्का देणारी आहे. २०२५ पासून देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपल्या जिल्ह्यातल्या उसाचे त्यात हित आहे, म्हणून मी त्याच्याविरुद्ध बोलणार नाही. पण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि वीस टक्के मिश्रणाचा हिशेब केला तर लिटरमागे साडेसहा टक्क्यांच्या आसपास घट येते. प्रत्यक्ष गाडीत ती तितकीच दिसेल असे नाही, तरी दहा वर्षांपूर्वीच्या वहीतले ‘लिटरला अठरा’ आता धरून चालू नये.

आई, तुला गॅरेजवाल्याने सांगितले होते की तळापर्यंत गेल्यावर पंप टाकीतला गाळ ओढतो. याची फार धास्ती घेऊ नकोस. पंपाचे तोंड पहिल्यापासून तळाशीच असते, टाकी भरलेली असतानाही तो तिथूनच ओढतो, आणि त्यापुढे जाळी व फिल्टर असतो. मात्र दुसरे एक नुकसान खरे आहे. हा पंप पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि त्या पेट्रोलनेच थंड राहतो. सोलापूरच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात तो वारंवार कोरडा पडला, तर त्याचे आयुष्य कमी होते. शेवटच्या क्षणी इंजिन अडखळत चालते तेव्हा न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीत जाऊन तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारा भाग, तापू शकतो, आणि तो काही स्वस्त भाग नाही.

पण मला पंपाची काळजी कमी आणि तुमची जास्त आहे. तुम्हाला सांगितले नव्हते, दोन वर्षांपूर्वी माझी गाडी अशीच एका उड्डाणपुलाच्या चढावर बंद पडली. दिवा लागलेला मी पाहिला होता आणि तुमचेच चाळीस मनात धरून चालले होते. आधी दोन झटके बसले, मग इंजिन गप्प झाले. त्याबरोबर स्टिअरिंग दगडासारखे जड झाले, कारण त्याला मिळणारी मदत इंजिनबरोबरच गेली. ब्रेकही पहिल्या एक-दोन दाबांपुरता नेहमीसारखा लागला, नंतर पायाने सगळा जोर लावावा लागला. मी पस्तिशीची असून माझे हात भरून आले. बाबा, तुमच्या मनगटाने ते कसे वळले असते, हा विचार मी तेव्हाही केला होता. मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवत होते आणि ते वेग का कमी करत नाहीत, असा राग मला येत होता, वास्तविक चूक माझी होती.

असे कधी झालेच, तर गाडी वेगात असेपर्यंतच डावीकडे घ्या, चालत्या गाडीची किल्ली पूर्ण फिरवून काढू नका, कारण स्टिअरिंग कुलूपबंद होते. चारही इंडिकेटर लावा, गाडीत न बसता रस्त्यापासून दूर उभे राहा, आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या क्रमांकावर फोन करा. डिकीत कॅनमधून पेट्रोल बाळगण्याचा विचार मात्र मनात आणू नका, बंद गाडीत उन्हाने त्याची वाफ साठते.

आता पुण्याच्या प्रवासाचे. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर, म्हणजे एसी लावून एकोणीस-वीस लिटर. निघण्याच्या आदल्या दिवशी टाकी फुल केली तर इथे पोहोचल्यावरही पंधरा लिटर उरते, त्यामुळे वाटेत दिवा लागण्याचा प्रश्नच येत नाही. तरी टेंभुर्णीला थांबा, ते आईच्या गुडघ्यांसाठी. परतताना इथून भरून निघा. एरवी गावात फिरताना काटा पाव टाकीवर आला की भरायचे, एवढा एकच नियम पाळा. पैसे तेवढेच लागतात, फक्त चार दिवस आधी.

बाबा, वहीत एक रकाना वाढवावा अशी विनंती आहे: दिवा लागला तेव्हाचे किलोमीटर, आणि त्यानंतर लगेच टाकी फुल केल्यावर बसलेले लिटर. चार-पाच नोंदी झाल्या की आपल्या गाडीचा दिवा खरोखर किती लिटरला लागतो, ते पुस्तिकेपेक्षा तुम्हीच नेमके सांगू शकाल. काटा तळाला टेकवून प्रयोग करण्याची त्यासाठी गरज नाही.

आणि आई, दिवा लागल्याचे पहिल्यांदा तुलाच दिसते हे मला ठाऊक आहे. ‘अजून चाळीस जाते’ असे ते म्हणाले, की भांडू नकोस. नुसते ‘तेहतीस पूर्णांक सहा’ म्हण. त्यांना कळेल.

कळावे.

तुमची लेक