हात लावा, काही मोडत नाही

पुणे,
मे अखेर

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

'डावीकडचं नाही हो, उजवीकडचं बटण' असं फोनवर सांगत बसलं की तुम्ही दोघं एकमेकांवरच चिडता. म्हणून सगळं एकदाच लिहून पाठवते. हा कागद कॉम्प्युटरच्या बाजूला भिंतीला चिकटवा.

आधी एक गोष्ट. वाडीत कोणी कितीही सांगो, नवीन कॉम्प्युटर घ्यायची गरज नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि नवा प्रोसेसर लागतो, ते आपल्या मशीनमध्ये नाही. म्हणून तर दिवाळीत विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकली. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळत राहणार. आंब्याच्या पेट्यांचा हिशोब, सातबारा आणि नातवंडांचे फोटो एवढ्यासाठी ते भरपूर झालं.

आई, तुझं डबल क्लिक नीट होत नाही, तर ते करूच नकोस. फाइलींची खिडकी उघड, वर 'एडिट', त्यात 'प्रेफरन्सेस', मग 'बिहेवियर'. तिथे एका क्लिकवर उघडण्याचा पर्याय आहे, तो निवड. अक्षरं बारीक वाटतात, त्यासाठी मेनू उघडून नुसतं 'फॉन्ट' टाइप कर. 'फॉन्ट सिलेक्शन' येईल, त्यात 'टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर' १.० चा १.३ कर. चष्मा कपाळावर ठेवून वाचायची तुझी सवय त्याने सुटेल असं नाही, पण मान तरी पुढे काढावी लागणार नाही. माऊसचा बाण मोठा करायची सोय माऊसच्या सेटिंगमध्येच आहे.

बाबा, तुमची खालची पट्टी गायब झालेली नाही, लपली आहे. बाण पडद्याच्या अगदी तळाला न्या, वर येईल. तिच्यावर उजवं क्लिक करून 'पॅनेल सेटिंग्ज'मध्ये जा आणि ती कायम दिसत राहील असं निवडा. तिथेच तिची उंचीही वाढवता येते. या सगळ्यात दाबून बघायला घाबरू नका. रंग आवडला नाही, पट्टी वर गेली, तर परत खाली आणता येते. हिशोबाची फाइल डिलीट करणं सोडलं तर तुमच्या हातून भरून न येणारं असं फारसं काही होत नाही.

मध्येच सगळं गोठलं तर लगेच मेन स्विच बंद करता, ते मात्र करू नका. कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप एकदम दाबा. पडदा क्षणभर लुकलुकेल, पण उघडलेलं काम जागेवर राहील. तरीही ढिम्म असेल तरच पॉवरचं बटण दाबून धरायचं.

'टाइमशिफ्ट' मी लावून दिलंय. एखाद्या अपडेटनंतर बिनसलं तर ते सिस्टीम आधीच्या दिवसावर नेऊन ठेवतं. पण तुमच्या फाइली त्यात येत नाहीत, हे नीट लक्षात ठेवा. सीझनचा हिशोब दर रविवारी पेनड्राइव्हवर घ्यायचा. इथे मी हट्टच धरणार आहे, कारण उधारी कुणाकडे किती राहिली ते दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही.

सकाळी तारीख मागच्या कुठल्या तरी सालात जाते आणि वेबसाइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते, तो व्हायरस नव्हे. आत मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किटच्या पाटीवर, नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२, तो संपत आलाय. नेट जोडलं की घड्याळ आपोआप जुळतं, म्हणून दुपारी तक्रार नसते. देवगडच्या बाजारात सेल मिळेल. वायर काढून मगच डबा उघडा. पावसात कधी नुसता बीप-बीप आवाज आला आणि पडदा काळाच राहिला, तर रॅमची (मेमरीची) पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसून परत घट्ट बसवा. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत हे होणारच. वीज चमकायला लागली की स्विचवर भागवू नका, प्लग काढा, राउटरचासुद्धा. मिरगाआधीच्या गडगडाटात हे विसरायचं नाही.

आणि हो, पडदाभर लाल इशारा येऊन 'मायक्रोसॉफ्टला फोन करा' असं दिसलं तर ऑल्ट आणि एफ ४ दाबून ती खिडकी बंद करा. त्या नंबरवर फोन करायचा नाही, ओटीपी तर मुळीच द्यायचा नाही. आपल्या घरात विंडोजच नाही, मग मायक्रोसॉफ्टवाला कशाला फोन करायला सांगेल? कधी पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा.

गणपतीला येताना एसएसडी, म्हणजे जास्त वेगाची डिस्क, आणते, मग चालू व्हायला लागणारा वेळ बराच कमी होईल. तोवर आई, तो चालू होईपर्यंत चहा टाकायची तुझी पद्धत चालू दे.

तुमची,
सोनू

ता. क. : बाबा, पडद्याच्या कडेला पासवर्डची चिठ्ठी लावली आहे ती काढा. आईला पाठ आहे.