गॅमा किरण तिथून सुटतात तरी कसे?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

गॅमा किरणांच्या स्फोटात तारा कोसळून कृष्णविवर होतं आणि त्यातून जेट, म्हणजे पदार्थाचा अतिवेगवान झोत, निघतो, इथवर तुला पटलं. पण त्यात गॅमा किरण येतात कुठून, हा तुझा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता, म्हणून लिहायला बसलो.

आधी यातली अडचण सांगतो, मला तीच सगळ्यात प्रिय आहे. काही स्फोटांचा प्रकाश मिलिसेकंदात कमीजास्त होतो. तेवढ्या वेळात प्रकाश 300 किलोमीटर जातो, म्हणजे उगमही फार तर तेवढाच असायला हवा. इतक्याशा जागेत एवढे गॅमा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, कोंबले, तर ते एकमेकांवर आदळून त्यांच्या इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) अशा जोड्या होतील आणि त्या गर्दीत उरलेला प्रकाश अडकून पडेल. तरी तो आपल्यापर्यंत पोचतो!

याचं उत्तर वेगात आहे. जेट प्रकाशाच्या 99.99 टक्क्यांहून जास्त वेगानं आपल्याकडे झेपावत असतो. तो स्वतःच सोडलेल्या प्रकाशाच्या जवळजवळ पाठोपाठ धावतो, त्यामुळे बऱ्याच अंतरानं सोडलेले दोन किरण आपल्याकडे लागोपाठ येतात. म्हणजे उगम 300 किलोमीटरपेक्षा हजारो पटींनी मोठा असू शकतो. शिवाय जेटसोबत जाणाऱ्याला तेच फोटॉन साध्या क्ष-किरणांसारखे दिसतील. जोड्या करण्याइतका जोर त्यांच्यात नसतो.

आता प्रकाश तयार कसा होतो ते. जेटचा प्रवाह एकसारखा नसतो. मागून आलेला वेगवान लोट पुढच्या संथ लोटाला गाठतो, धक्कालहर उठते, इलेक्ट्रॉन प्रचंड वेग घेतात आणि चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत प्रकाश सोडतात. हेच सिंक्रोट्रॉन प्रारण. पण काही स्फोटांच्या वर्णपटाचा, म्हणजे कोणत्या ऊर्जेचा प्रकाश किती याच्या आलेखाचा, कमी ऊर्जेकडचा उतार सिंक्रोट्रॉनला परवडणार नाही इतका तीव्र निघतो. म्हणून काहींच्या मते हा प्रकाश जेटचं धुकं जिथं विरळ होतं, त्या थरातूनच सुटतो. काही जण तुटून पुन्हा जुळणाऱ्या चुंबकीय रेषांकडे बोट दाखवतात. सगळे स्फोट एकाच रीतीनं उजळतात, असं मला तरी वाटत नाही.

9 ऑक्टोबर 2022 चा स्फोट आठवतो ना? त्याच्या मागून रेंगाळलेल्या उजेडात चीनमधल्या ल्हासो वेधशाळेला 10 टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे फोटॉन सापडले. दिसणाऱ्या प्रकाशाच्या फोटॉनपेक्षा लाखो कोटी पट ऊर्जा! एवढ्या ऊर्जेचं नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण मला फार सुंदर वाटतं: इलेक्ट्रॉन आधी फोटॉन सोडतात आणि मग त्याच फोटॉनना टक्कर देऊन आपली ऊर्जा त्यांच्या अंगात भरतात.

तुझा,
अनिल