सूचना : रविवारची बैठक, ईशज्ञानाचा अभ्यास आणि पाचारण

युवक मंडळाच्या सर्व सभासदांना जय ख्रिस्त!

येत्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर लगेच चर्चमागच्या हॉलमध्ये जमायचं आहे. विषय : ईशज्ञानाचा (देव आणि श्रद्धेविषयीच्या शास्त्राचा) अभ्यास आणि पाचारण (धर्मसेवेसाठी देवाची हाक). नगर रोडवरचं ज्ञानदीप हे ईशज्ञानाचं विद्यापीठ आपल्याला जाता-येता दिसतं. पण १८९३ साली श्रीलंकेतल्या कँडीत सुरू झालेली ही संस्था १९५५ मध्ये पुण्यात आली, हे किती जणांना ठाऊक आहे? तिथे फक्त फादर होणारेच शिकतात, हाही गैरसमज. सिस्टर आणि प्रापंचिकही शिकतात. फादर व्हायचं तर मात्र रस्ता लांबचा : आधी तत्त्वज्ञान, मग ईशज्ञान. आई-बाबांनाही आणा, खरे प्रश्न त्यांचेच असतात.

मागच्या वेळी अर्धा थर्मास चहा उरला. म्हणून शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका. नुसता अंगठा चालणार नाही.