लकव्याने थांबलेल्या हातांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या चोपडा-यावल पट्ट्यात लकव्याचा रुग्ण दवाखान्यातून घरी आला, की जीव वाचला या समाधानातच पुढचे उपचार थांबतात. काठीच्या आधाराने चालणे जमते. हात मात्र कोपरात दुमडलेला, मूठ आवळलेली, तसाच छातीशी राहून जातो. आमचे मंडळ सध्या आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्टना समाजमंदिरात बोलावते. तेथे येणाऱ्या एका आक्कांची एकच इच्छा आहे, कळण्याची भाकरी पुन्हा स्वतः थापण्याची. त्यांची बोटे एकेक करून उलगडून तळहात परातीत टेकवण्यातच पहिल्या दिवशीचा पाऊण तास गेला.

एका हितचिंतकांनी हाताला व्यायाम देणारे रोबोटिक यंत्र घ्यावे, असे सुचवले होते. रुग्णाचा हात त्यात बांधला, की पडद्यावरील खुणेकडे जाताना जेथे ताकद अपुरी पडेल तेथे यंत्र हाताला पुढे नेते आणि तीच हालचाल शेकडो वेळा करून घेते. सूचना मनापासूनची होती, म्हणून आम्ही खोलात जाऊन माहिती घेतली. ब्रिटनमधील 770 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीत काहींना यंत्रावर, तर काहींना थेरपिस्टकडून, पाऊण तासाचा व्यायाम आठवड्यातून तीनदा, 12 आठवडे देण्यात आला. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हाताची कार्यक्षमता दोन्हींपैकी कोणत्याही पद्धतीने ठळकपणे वाढली नाही. मात्र थेरपिस्टकडे सराव केलेल्यांना तीन महिन्यांनी रोजची कामे काहीशी सोपी झाली होती. यंत्राने तेवढे साधले नाही.

त्यामुळे हात पूर्ववत होईल, असे वचन आम्ही कोणालाही देत नाही. परंतु गावाचा पैसा यंत्रात न घालता थेरपिस्टच्या मानधनात घालावा, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. आठवड्याचे दोन दिवस तीन करायचे आहेत. एका रुग्णाचे 36 दिवसांचे, म्हणजे एकूण 27 तासांचे मानधन एका कुटुंबाने उचलावे, ही विनंती आहे. ज्यांना एवढे शक्य नाही, त्यांनी एका दिवसाचे द्यावे.

पैशाइतकीच निकड वाहनाची आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येणाऱ्यांना एसटीची वेळ जुळत नाही आणि चार दिवस खंड पडला, की सैल झालेली मूठ पुन्हा आवळते. रिक्षा किंवा चारचाकी असणाऱ्यांनी आठवड्यातून एक फेरी द्यावी. रुग्णासोबत घरातील एकाने अवश्य यावे, कारण उरलेल्या दिवसांचा सराव त्यालाच करून घ्यायचा आहे.

देणगी समाजमंदिरात सायंकाळी स्वीकारली जाईल व तिची रीतसर पावती मिळेल.