मोटरची वायर बोर्डातून कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विज्ञान प्रदर्शनांचे दिवस आले की उद्यमनगरातल्या माझ्या रिवाइंडिंगच्या दुकानात पंपांच्या मोटरींशेजारी पोरांच्या रोबो गाड्या येऊन बसतात. तक्रार ठरलेली. "काका, गाडी जरा हलतीया, मग बोर्ड सारखा बंद-चालू हुतोय." बघावं तर मोटरची वायर ड्रायव्हरमार्गे (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरला वीज सोडणारी पट्टी) आर्डुइनो उनो या कंट्रोल बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनेत!

बोर्डाच्या जॅकला अडॅप्टर लावला की त्या पिनेला वीज देतो तो व्होल्टेज ५ वर आणणारा नखाएवढा रेग्युलेटर. अडॅप्टर १२ व्होल्टचा असेल आणि मोटरींनी अर्धा अँपिअर ओढला, तर वरचे ७ व्होल्ट तो नुसते उष्णतेत घालवतो. साडेतीन वॅट! हात लावला तर चटका बसतो, आणि फार तापला की तो आपोआप पुरवठा तोडतो. व्ही-इन पिनेवर रेग्युलेटरच्या अलीकडची वीज मिळते. तिथून ड्रायव्हरला घेता येते, पण जॅककडून येताना वाटेत वीज एकाच दिशेने सोडणारा १ अँपिअरचा डायोड असतो, तेवढीच त्याची ताकद.

आणि थांबलेली मोटर किती ओढते, हे आम्हा वायंडरांना विचारा. फिरायला लागली की ती स्वतः उलटा व्होल्टेज तयार करते, करंट उतरतो. चाक अडलं की करंट अडवायला उरतो फक्त तारेचा रोध. शेतातल्या मोठ्या मोटरला सुरू होतानाचा करंट आवरायला स्टार-डेल्टा स्टार्टर लावणारा बाप पोराच्या गाडीला मात्र चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी आणून देतो. किटवालेही तीच देतात. ती बोर्डापुरती ठीक. मोटर सुरू झाली की मान टाकते.

किटमधल्या पिवळ्या मोटरींना सहा रिचार्जेबल पेन्सिल सेल वेगळे द्यावेत, एल२९८ ड्रायव्हरमार्गे. सेल ७.२ व्होल्ट देतात, ड्रायव्हर त्यातले दोनेक खातो, मोटरला हवे तेवढेच उरतात. बोर्डाची आणि सेलची ग्राउंड (मायनस) वायर मात्र एकमेकींना जोडायचीच. तिच्यावाचून ड्रायव्हरला बोर्डाचा इशारा नीट कळत नाही.

आयोजकांनी हे नियमपत्रकात छापावं. परीक्षकांनीही गाडीचं चाक क्षणभर हातानं धरून बघावं. बोर्डाचा दिवा मंदावला तर आधी वायरिंग विचारावं, मग मॉडेलचं नाव.

आपला,
एक मोटर रिवाइंडर, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर