रबाळ्याला उतरणाऱ्या ताईंना, तुमच्या पर्सवर दुधीचं पाणी सांडवणारीकडून

ताई, तुमचं नाव मी कधी विचारलंच नाही आणि आता चार महिने झाले तुम्ही गाडीत दिसत नाही, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, कुणीतरी तुम्हाला दाखवेल म्हणून. ठाण्याहून सकाळची वाशी लोकल, लेडीज डबा, तुम्ही खिडकीशी आणि मी तुमच्या शेजारी कशीबशी टेकलेली. मी ऐरोलीला उतरते, तुम्ही पुढे रबाळ्याला.

मी तीच, जिच्या डब्यातून दुधीच्या भाजीचं पाणी गळून तुमच्या चॉकलेटी पर्सवर आलं होतं. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार, आणि तुम्ही रुमालाने पर्स पुसत विचारलंत काय, तर "अगं, भाजी आटवलीस का?" नव्हती आटवली. रात्रीची दुधी, फ्रिजमधून काढली, पोळीत घातली, गुंडाळली, फॉइलमध्ये कोंबली आणि पळाले.

आमच्या घरी तेव्हा कसं होतं सांगते. रविवारी जांभळी नाक्यावर जायचं, तिथे स्वस्त मिळतं म्हणून हातात मावेल त्याच्या दुप्पट घ्यायचं, नवऱ्याला घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून यायला दहा वाजणार, तो तोपर्यंत बाहेरच काहीतरी खाऊन येणार, आणि फ्रिजमध्ये वाट्यांवर वाट्या. अर्धी वाटी कोबी, दोन चमचे मटकीची उसळ, गाजराचे चार तुकडे. गुरुवारी सगळं ओल्या कचऱ्यात, आणि वर ऑफिसमध्ये शंभर-दीडशे रुपयांचा रोल मागवायचा. सासूबाई काही बोलायच्या नाहीत पण डब्याचं झाकण जरा जोरात लावायच्या, त्यात सगळं आलं.

तुम्ही मला एका दिवसात काही शिकवलं नाहीत, ठाणे ते ऐरोली वेळ तरी किती मिळतो! रोज एक वाक्य. "पाणी आधी मार, मग बाकीचं." कढई मोठी घ्यायची, झाकण नाही, गॅस मोठा, भाजी पसरून परतायची. तरी ओलसर राहिली तर पंढरपुरी डाळं मिक्सरमधून काढून दोन चमचे टाकायचं, ते पाणी पिऊन घेतं आणि वर प्रोटीन पण मिळतं. मी एकदा शहाणपणा करून कच्चं बेसन टाकलं आणि सगळा रोल कच्चट लागला. तेव्हा तुम्ही मान हलवलीत ती मला अजून आठवते, रागाची नव्हती, पण बेसन भाजून घ्यायचं असतं एवढं त्यातूनच कळलं.

मग पोळी. मी हेल्दी म्हणून नुसत्या ज्वारीची करायला गेले, घडी घातली आणि फाटली, सरळ मधोमध. तुम्ही म्हणालात, ज्वारीत ग्लुटेन नसतं गं, ती वाकणार कशी, तीन वाट्या कणकेला एक वाटी ज्वारी घे, कोमट पाण्याने मळ आणि तव्यावरून काढली की फडक्यात ठेव. आता तेच करते. पोळीला आधी शेंगदाण्याची कोरडी चटणी लावायची म्हणजे ओल पोळीपर्यंत लवकर पोचत नाही, हे पण तुमचंच. आणि काकडी-कांद्याला आधी मीठ लावायचं नाही, "मीठ लावलंस की काकडी रडते". हे वाक्य आमच्या घरी आता मुलगा पण म्हणतो, गणिताच्या पेपरबद्दल!

त्याला रोल म्हटलं की नको असतो, फ्रँकी म्हटलं की दोन जातात. बाबांनी त्याला सांगितलंय की हे नाव वेस्ट इंडिजच्या फ्रँक वॉरेल नावाच्या क्रिकेटरवरून पडलं, तेव्हापासून कोबी-मटकी सुद्धा क्रिकेटरचं खाणं झालंय. चीज तुम्हाला आवडत नाही माहितेय, पण त्याच्या रोलमध्ये मी थोडं किसून घालते, माफ करा. आमच्या दोघांच्या रोलला चक्का आणि हिरवी चटणी, मेयोनीजची बाटली संपली ती परत आणली नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही जरा कडक आवाजात सांगितली होतीत. उरलेली भाजी सिरियल संपेपर्यंत ओट्यावर ठेवायची नाही, शिजवल्यापासून 2 तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि सकाळी नुसती कोमट नाही तर चांगली वाफ येईपर्यंत गरम. मग थोडी निवू द्यायची आणि बटर पेपरमध्ये गुंडाळायची, गरम गरम फॉइलमध्ये बांधली की आत घाम धरतो. ठाण्यातल्या मे महिन्यात हे न पाळून चालणारच नाही, मी एकदा दाण्याच्या कुटातल्या काकडीच्या कोशिंबिरीवर प्रयोग केला होता, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भेंडीचं मात्र तुम्ही चुकलात हं. परतून कुरकुरीत केली तरी दुपारपर्यंत तार धरतेच. मी तीनदा करून बघितलं. भेंडी उरली की आता मी रात्रीच संपवते, उभ्या उभ्या, ओट्याशी.

आता बुधवारी रात्री वाट्या काढते, गाजर, फ्लॉवर, मटकी एकत्र परतते, लिंबू पिळते, आणि गुरुवारचे चार डबे होतात. ओल्या कचऱ्याच्या डब्यात आता सालं आणि देठं असतात. सासूबाईंनी परवा स्वतःहून विचारलं, "उद्या ते गुंडाळलेलं आहे ना?" मी हो म्हटलं आणि मला तुम्हाला सांगायचं होतं, पण तुमच्या खिडकीशी कॉलेजची एक मुलगी बसलेली होती, कानात इयरफोन.

शेवटी भेटलात त्या दिवशी मी तुम्हाला माझ्यातला अर्धा रोल दिला होता. मी उतरल्यावर गाडीतच खाल्लात की ऑफिसला नेलात माहीत नाही. मीठ बरोबर होतं का? आणि पर्सचा तो डाग गेला की नाही तेवढं कळवा, नसेल गेला तर हळदीचा आहे, उन्हात ठेवून बघा.

खूप खूप आभार, ताई.

तुमची,
ऐरोलीला उतरणारी