सोनकीच्या पाकळीतला लाल रंग

सातारा,
सप्टेंबर, पहिला आठवडा

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबत पाठवलेले कास पठाराचे बारा फोटो मिळाले. सलग तीन संध्याकाळी ते संगणकावर मोठे करून पाहिले, म्हणून उत्तराला उशीर झाला. पठारावर डोळ्यांना जे दिसले ते फोटोत का उतरले नाही, आणि एडिटिंग नीट शिकल्यास ते परत मिळवता येईल का, असे तू विचारले आहेस. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. त्यातले बरेचसे परत मिळणार नाही, कारण ते तुझ्या फायलींमध्ये आलेलेच नाही.

सोनकीचा जवळून घेतलेला तुझा सातवा फोटो शंभर टक्के आकारात उघडून बघ. पाकळीवरच्या उभ्या बारीक शिरा आणि कडेला फिकट होत जाणारी छटा, यांपैकी काहीही तिथे नाही. पिवळा कागद कातरून हिरव्यावर चिकटवावा तशी ती पाकळी सपाट दिसते. भोवतीचे गवत ओले आणि गडद होते. ते चौकटीचा मोठा भाग व्यापून असल्यामुळे कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरने त्यालाच मध्यम उजेडाचे मानले आणि सगळे चित्र उजळ केले. गवत छान आले, पण फुलाचे नुकसान झाले.

हे नुकसान तुला पठारावर कळले नाही, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कॅमेऱ्याच्या दृष्टीने पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा हे दोन्ही रंग भरपूर आणि निळा अगदी थोडा. सोनकीसारख्या गडद पिवळ्यात लाल रंगाची नोंद सर्वांत आधी काठोकाठ भरते. पुढे कितीही प्रकाश आला तरी आकडा तोच राहतो आणि पाकळीतले बारीक फरक पुसले जातात. फोटोत गडद ते उजळ भाग किती आहेत हे कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवणारा आलेख म्हणजे हिस्टोग्राम. तू पाहत होतास तो एकाच पांढऱ्या आलेखाचा हिस्टोग्राम एकूण उजेडाचा असतो आणि त्यात हिरव्याचे वजन सर्वांत जास्त असते, म्हणून लाल रंग उतू गेला तरी तो आलेख निर्धास्त दिसतो. मेनूमध्ये जाऊन लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे आलेख दाखवणारा हिस्टोग्राम सुरू कर, आणि फुलांचे फोटो काढताना नजर त्यातल्या लाल आलेखाच्या उजव्या टोकावर ठेव. तो टोकाला जाऊन चिकटला, की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) उणे दोन तृतीयांश किंवा उणे एकवर आण आणि पुन्हा काढ. तेरड्याच्या गुलाबीलाही हेच लागू आहे.

धुक्यात मात्र नेमके उलट करावे लागते. सगळी चौकट पांढुरकी असल्यामुळे मीटर तिला मध्यम करड्या रंगावर ओढून आणतो, आणि सकाळचे ते मऊ धुके धुरासारखे मळकट येते. तुझ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फोटोंत हेच झाले आहे. तिथे अधिक दोन तृतीयांश ते अधिक एक ठेवायला हवे होते.

आता रॉ फाइलविषयी, कारण तू सगळे फोटो जेपेगमध्ये काढलेस. रॉ म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरची जवळजवळ कच्ची नोंद, आणि जेपेग म्हणजे तिच्यावरून कॅमेऱ्याने तयार करून लहान केलेले चित्र. जेपेगमध्ये प्रत्येक रंगासाठी २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या पायऱ्या सर्वांत उजळ अशा एका स्टॉपच्या, म्हणजे प्रकाश दुप्पट होण्याच्या एका टप्प्याच्या, वाट्याला येतात. पाकळीतली नाजूक छटा याच उजळ भागात राहत असल्यामुळे फुलांच्या छायाचित्रकाराने रॉ सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. माझ्या पहिल्या वर्षी मी जेपेगमध्ये काढलेले दोनशेहून अधिक फोटो घरी आणले आणि त्यांतली एकही सोनकी धड नव्हती. पुढच्या आठवड्यात पाऊस लागून राहिला, मग बहर ओसरला, आणि ती फुले पुन्हा पाहायला वर्षभर थांबावे लागले. ती हळहळ अजून गेलेली नाही, म्हणून तुला हे इतक्या कळकळीने लिहितो आहे. एक लक्षात ठेव. रॉमध्ये काढतानाही कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम आतल्या जेपेगवरूनच तयार होतो, म्हणून पिक्चर स्टाइल (जेपेगच्या रंगांची ठेवण) भडक न ठेवता न्यूट्रल ठेव, म्हणजे आलेख खऱ्या नोंदीच्या जास्त जवळ जाईल.

पठारावर वारा सतत असतो. फूल डोलत असताना ट्रायपॉडचा फारसा उपयोग होत नाही. शटर स्पीड १/५०० सेकंदापेक्षा मंद होऊ देऊ नकोस आणि त्यासाठी आयएसओ (प्रकाशाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) ८०० पर्यंत न्यावा लागला तरी बेलाशक ने. थोडा दाणेदारपणा नंतर कमी करता येतो, हललेली पाकळी स्थिर करता येत नाही. पानांवरच्या पाण्याची पांढरी चकाकी हिरवा रंग खाऊन टाकते. ती लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर फिरवून काढायची असते, मात्र तो दीड-दोन स्टॉप प्रकाश घेतो हे गृहीत धर. आणि जवळ जायचे म्हणून आखलेली वाट सोडून आत पाऊल टाकू नकोस. तुझ्याकडे ७०-३०० ची झूम लेन्स आहे, वाटेवर गुडघे टेकून फुलाच्या उंचीवर ये. एका फोटोसाठी चार रोपे तुडवली गेली तर तो फोटो आपल्याला पाहवणार नाही.

एडिटिंगसाठी महागडे सॉफ्टवेअर घेण्याची घाई करू नकोस. डार्कटेबल हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पुरेसे आहे. काम करताना क्रम पाळ. आधी व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची झाक काढणे), कारण ढगाळ उजेडातला निळेपणा काढताना लाल वाढतो आणि जपलेली पाकळी इथेच पुन्हा उतू जाऊ शकते. मग एकूण उजेड, मग हायलाइट्स (उजळ भाग) खाली आणि शॅडोज (गडद भाग) जरासे वर. तुझ्या फोटोंत शॅडोज इतके वर ओढले आहेत की गवताखालचा अंधार नाहीसा झाला आहे, आणि त्या अंधारावरच फुलाचा उजेड उठून दिसत असतो. सॅच्युरेशनला हात लावू नकोस. रंग वाढवावासा वाटलाच तर व्हायब्रन्स थोडा वाढव, तो आधीच गडद असलेल्या रंगांना फारसा ढकलत नाही. एकच फूल उजळायचे असेल तर त्यापुरता मास्क (बदल फक्त त्या भागावर होईल अशी निवड) कर आणि मास्कची कड मऊ ठेव. सीतेची आसवे या फुलाचा जांभळा मात्र अनेक कॅमेऱ्यांत निळ्याकडे झुकतो. तो केवळ जांभळ्या रंगाचा ह्यू (रंगाची जात) सरकवून, डोळ्यांना आठवतो तिथे आणावा लागतो. म्हणून मी पठारावरच वहीत दोन शब्द टिपून ठेवतो, ‘कोवळ्या वांग्याच्या सालीसारखा’, असे काहीतरी.

छापून घेतलेली प्रत काळवंडलेली आली, अशीही तुझी तक्रार आहे. त्यात छापणाऱ्याचा दोष असेलच असे नाही. रात्री अंधाऱ्या खोलीत पडद्याचा उजेड पूर्ण ठेवून आपण चित्र गडद करत जातो, आणि कागदाला स्वतःचा उजेड नसतो. पडद्याचा उजेड निम्म्यावर आण, खोलीतला दिवा लाव, आणि मोठ्या प्रतीआधी छोटी नमुना प्रत काढून दिवसाउजेडी बघ. तुझ्या ६००० × ४००० पिक्सेलच्या फायलीतून ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) २० × १३ इंचांची प्रत चांगली निघते. शार्पनिंग त्या आकाराला आणल्यावर, सर्वांत शेवटी कर.

बहर साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत टिकतो, तेव्हा तू पंधरा दिवसांनी येणार आहेस ते योग्यच आहे. शनिवार-रविवार टाळून ये. आदल्या रात्री माझ्याकडे मुक्काम कर, पहाटे निघू. मेमरी कार्ड रिकामे करून आण, आणि या वेळी रॉ सुरू केले आहे की नाही ते घरून निघण्यापूर्वीच पाहून घे.

आईबाबांना माझा नमस्कार सांग.

तुझा मित्र